सावित्रीमाई : लेकरं उचलणारी आई



दरवर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीमाईंची जयंती साजरी करतो. पोरी भाषणं करतात, आयाबाया कौतुकानं ऐकतात. पण १० मार्च हा माईंचा स्मृतिदिन पोरांच्या परीक्षेच्या गडबडीत तसाच निघून जातो. माई कशा गेल्या हे घराघरात सांगायचं राहतं. म्हणून हे चार शब्द.

माईंचा जन्म १८३१ साली नायगावला झाला. १८४० साली जोतीरावांशी लग्न झालं. नवऱ्याकडून अक्षरं शिकल्या आणि १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यापायी शेणाचे गोळे अंगावर झेलले, सासऱ्याचं घर सोडावं लागलं. हा इतिहास आपल्या पोरांना पाठ आहे.

माईंना पोटचं लेकरू झालं नाही. त्या काळी विधवा बाईला फसवून पुरुष मोकळा व्हायचा. बाईला मात्र विहीर जवळ करावी लागे, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा दाबावा लागे. १८६३ साली जोतीराव आणि माईंनी अशा बायांसाठी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८८४ पर्यंत तिथं ३५ विधवा बाळंत होऊन गेल्या. त्यांच्यातल्याच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ साली माईंनी पदरात घेतला. तोच यशवंत. माईंनी त्याला शिकवून डॉक्टर केलं.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा टिटवं हातात धरून माई स्वतः पुढं झाल्या आणि त्यांनीच अग्नी दिला. पुढं सत्यशोधक समाजाचं काम त्यांनी खांद्यावर घेतलं. १८९३ साली सासवडच्या परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. घरची माणसंही रोग्याला हात लावायला भीत होती. माईंनी यशवंतला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यात, म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या वस्तीत, पांडुरंग गायकवाड नावाचं पोर प्लेगनं पडल्याचं त्यांना कळलं. ज्याची सावलीही नको म्हणत, त्या वस्तीतलं ते लेकरू ६६ वर्षांच्या माईंनी पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. तिथंच त्यांना प्लेगनं गाठलं. १० मार्च १८९७ रोजी माई गेल्या. कालपर्यंत रोग्यांची सेवा करणारी आई अशी अचानक गेली. यशवंतनंही आईची वाट सोडली नाही. १९०५ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना तेही गेले.

माईंनी काशीबाईचं पोर घेताना जात पाहिली नाही, मुंढव्याचं पोर उचलतानाही पाहिली नाही. करुणा, करुणा असं आपण विहारात रोज म्हणतो. ती हातापायांनी करायची असते, हे माईंनी दाखवून दिलं. आपल्या वस्तीतही आई गेलेली, बाप दारूत बुडालेला अशी लेकरं आहेत. त्यांच्या दारावरून जाताना आपण मान वळवतो की थांबतो?

यंदापासून १० मार्चला विहारात एक मेणबत्ती लावू आणि अशा एका लेकराच्या वह्या-पुस्तकांची, फीची जबाबदारी चार घरं मिळून घेऊ.

सावित्रीमाईंना विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!