बारावीत घोकलेला ‘राउल्टचा नियम’, पण हे राउल्ट नेमके होते कोण?

बारावी सायन्सला द्रावणांचा धडा आला की राउल्टचा नियम येतोच. सूत्र पाठ होतं, गणित सुटतं आणि परीक्षा संपली की नाव विसरलं जातं. केमिकल इंजिनिअरिंगला गेलेल्यांना मात्र तो नियम पुन्हा भेटतो, कारण डिस्टिलेशनचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

हा नियम देणाऱ्या माणसाचं नाव फ्रान्स्वा-मारी राउल्ट. त्यांच्या नावाचा फ्रेंच उच्चार ‘राउल’च्या जवळ जातो, पण आपल्या पुस्तकांत राउल्टच रुळलंय.

शाळेतल्या नोकरीपासून सुरुवात

राउल्ट यांचा जन्म १० मे १८३० चा, उत्तर फ्रान्समधल्या फूर्न या गावातला. घरची परिस्थिती बेताची. १८५३ मध्ये त्यांना रँस शहरातल्या शाळेत अगदी खालच्या पदावर नोकरी मिळाली. पुढे वेगवेगळ्या शाळांत शिकवत ते सांस गावी केमिस्ट्रीचे शिक्षक झाले. ही नोकरी सांभाळतच त्यांनी विजेच्या सेलवर प्रबंध लिहिला आणि १८६३ मध्ये पॅरिसची डॉक्टरेट मिळवली.

१८६७ मध्ये ते आल्प्सच्या कुशीतल्या ग्रनोबल शहरात केमिस्ट्री शिकवायला आले. १८७० मध्ये प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. पॅरिसच्या झगमगाटापासून लांब, थर्मामीटर आणि काचेच्या नळ्या घेऊन त्यांचं मोजमाप सुरू होतं.

४८ व्या वर्षी सापडलेला विषय

ज्या कामामुळे त्यांचं नाव राहिलं, ते सुरू झालं तेव्हा त्यांचं वय होतं ४८. द्रवात काही विरघळवलं की त्याचा गोठणबिंदू खाली येतो. तो नेमका किती येतो, यावर त्यांचा पहिला निबंध १८७८ मध्ये आला. १८८० मध्ये त्यांनी अल्कोहोल असलेल्या पेयांचा गोठणबिंदू मोजला. मग बेंझिन, ॲसिटिक ॲसिड अशा एकेका द्रवात वेगवेगळे पदार्थ विरघळवून ते आकडे जमवत राहिले.

त्यानंतर ते वाफेकडे वळले. बंद बाटलीतल्या द्रवातून काही रेणू वाफ होऊन वर जातात, काही परत द्रवात येतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की समतोल साधतो. त्या वेळी वाफेचा जो दाब असतो, तो त्या तापमानाला ठरलेला असतो. द्रवात फारसा न उडणारा पदार्थ विरघळवला की हा दाब कमी होतो. राउल्ट यांनी १८८७ मध्ये त्याचा हिशोब मांडला. द्रावणातल्या १०० रेणूंपैकी ५ विरघळलेल्या पदार्थाचे असतील, तर दाब ५ टक्क्यांनी उतरतो. पदार्थ कोणता आहे, याने फरक पडत नाही. रेणू किती आहेत, ते महत्त्वाचं.

रसायनशास्त्रज्ञांसाठी ही मोठी सोय होती. पदार्थ वजन करून विरघळवायचा, गोठणबिंदू किंवा दाब किती उतरला ते मोजायचं आणि त्यावरून रेणूभार काढायचा.

मग डिस्टिलेशनचा काय संबंध?

हाच नियम पुढे दोन उडणाऱ्या द्रवांच्या मिश्रणालाही लावला गेला. मिश्रणात ज्याचा जितका वाटा, तितकाच त्याच्या मूळ दाबाचा हिस्सा वाफेत येतो.

बेंझिन आणि टोल्युइनचं उदाहरण घ्या. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध बेंझिनच्या वाफेचा दाब पाऱ्याच्या साधारण ९५ मिलिमीटर असतो, टोल्युइनचा २८. दोन्हींचे रेणू निम्मे-निम्मे घेतले, तर वाफेत बेंझिन सुमारे ७७ टक्के निघतं. ती वाफ थंड करून झालेल्या द्रवावर पुन्हा समतोल साधू दिला, की नव्या वाफेत ते ९२ टक्क्यांच्या आसपास जातं. डिस्टिलेशन टॉवरमध्ये एकावर एक ट्रे असतात ते याचसाठी. प्रत्येक ट्रेवर हाच खेळ पुन्हा होतो आणि वर जाणारी वाफ शुद्ध होत जाते.

नियम चुकला, तिथेही कामाला आला

हे गणित सगळीकडे जमत नाही. बेंझिन आणि टोल्युइनचे रेणू एकमेकांसारखे आहेत, म्हणून तिथे ते चालतं. अल्कोहोल आणि पाण्याचं तसं नाही. वजनाने अल्कोहोल ९५.६ टक्क्यांवर पोचलं की वाफ आणि द्रव यांचं प्रमाण एकच होतं. मग साध्या दाबाला कितीही उकळा, पुढे सरकत नाही. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल करताना हीच अडचण येते. त्यासाठी जवळपास पाणी नसलेलं इथेनॉल लागतं, त्यामुळे उरलेलं पाणी काढायला मॉलेक्युलर सिव्हसारखा वेगळा उपाय करावा लागतो. नियमापासून मिश्रण किती ढळतं, हे इंजिनिअर ‘ॲक्टिव्हिटी कोएफिशियंट’ने मोजतात. म्हणजे चूक मोजायलाही पट्टी राउल्ट यांचीच.

मिठासारख्या क्षारांचे आकडेही बसत नव्हते. गोठणबिंदू अपेक्षेच्या जवळपास दुप्पट उतरत होता. राउल्ट यांनी हे आकडे बाजूला न टाकता छापले. पाण्यात क्षारांचे तुकडे होऊन आयन बनतात, हे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये मांडलं, तेव्हा हेच आकडे पुरावा म्हणून उपयोगी पडले. व्हान्ट हॉफ यांच्या द्रावणांच्या सिद्धांतालाही राउल्ट यांच्या मोजमापांचा आधार मिळाला.

१८९२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने राउल्ट यांना डेव्ही पदक दिलं. १ एप्रिल १९०१ रोजी ग्रनोबलमध्येच त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केमिस्ट्रीचं पहिलं नोबेल दिलं गेलं, ते व्हान्ट हॉफ यांना. १९०३ चं अऱ्हेनियस यांना मिळालं. नोबेल सुरू झालं, तेव्हा राउल्ट हयात नव्हते.

१९०२ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यान झालं. ते द्यायला उभे राहिले होते व्हान्ट हॉफच.