वादळाची आगाऊ वार्ता देणारा दर्यावर्दी : रॉबर्ट फिट्झरॉय

उद्या पाऊस पडेल की उघडीप राहील, हे आज आपणांस वर्तमानपत्रावरून, आकाशवाणीवरून किंवा हातातील भ्रमणध्वनीवरून सहज कळते. अंदाज चुकला की आपण हसतो आणि खरा ठरला की विसरून जातो. परंतु हे अंदाज देण्याची प्रथा ज्याने पाडली, त्या थोर पुरुषाला त्यासाठी आपले सारे आयुष्य वेचावे लागले. ते पुरुष म्हणजे इंग्रज आरमारातील अधिकारी रॉबर्ट फिट्झरॉय होत.

फिट्झरॉय यांचा जन्म इंग्लंडमधील सफोक परगण्यात ५ जुलै १८०५ रोजी एका सरदार घराण्यात झाला. वयाच्या बाराव्या वर्षी ते पोर्टस्मथच्या नाविक विद्यालयात दाखल झाले आणि अवघ्या तेविसाव्या वर्षी 'बीगल' या जहाजाचे कप्तान झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १८२९ च्या जानेवारीत, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या जहाजाला अकस्मात तुफानाने गाठले आणि दोन खलाशी समुद्रात बुडाले. वायुभारमापक यंत्रातील पारा त्यापूर्वीच उतरू लागला होता. पण त्या सूचनेकडे पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते. ही गोष्ट तरुण कप्तानाच्या मनाला कायमची लागून राहिली.

१८३१ ते १८३६ या काळात त्याच जहाजातून त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. या सफरीत चार्ल्स डार्विन हे तरुण निसर्गशास्त्रज्ञ त्यांच्या सोबत होते. पुढे १८४३ पासून सुमारे दोन वर्षे फिट्झरॉय न्यूझीलंडचे गव्हर्नर होते. १८५४ साली इंग्लंडच्या सरकारने हवामानाच्या नोंदी जमविण्यासाठी एक लहानसे खाते उघडले आणि त्याची धुरा त्यांच्याकडे सोपविली. त्यांचे काम केवळ आकडे गोळा करण्याचे होते. परंतु ज्या आकड्यांनी माणसांचे प्राण वाचू शकतात, ते दप्तरात बांधून ठेवणे त्यांना मानवले नाही.

१८५९ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाहून लिव्हरपूलकडे निघालेले 'रॉयल चार्टर' हे जहाज घर नजरेच्या टप्प्यात आले असता वेल्सच्या किनाऱ्यावर फुटले आणि साडेचारशेच्या आसपास माणसे प्राणास मुकली. त्याच वादळात आणखी कितीतरी जहाजे बुडाली. फिट्झरॉय यांनी ठिकठिकाणच्या नोंदी जुळवून पाहिल्या, तेव्हा ते वादळ कोठून कसे पुढे सरकले, याचे चित्रच त्यांच्यापुढे उभे राहिले. वादळ वाऱ्याच्या गतीने येते. पण तारायंत्राचा संदेश त्याहून वेगाने धावतो. मग वादळाच्या आधी त्याची वार्ता का पोहोचू नये, असा विचार त्यांनी केला.

येथे आकाशातील घडामोडीही थोड्या समजून घेऊ. थंडगार पाण्याने भरलेल्या तांब्याच्या बाहेर जसे घर्मबिंदू जमतात, तसेच ढगांचे आहे. दमट हवा वर चढली की ती फुगते व थंड होते. मग तिच्यातील अदृश्य बाष्प धुळीच्या किंवा समुद्री मिठाच्या सूक्ष्म कणांवर जमून त्याचे जलबिंदू होतात. अशा असंख्य बिंदूंचा समूह म्हणजे ढग. अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा सह्याद्रीला अडून वर चढतो, म्हणूनच आपल्याकडे एवढा पाऊस कोसळतो. इंग्लंडच्या बाजूस ध्रुवाकडून येणारी थंड हवा आणि उष्ण प्रदेशातून येणारी दमट हवा एकमेकींना भिडतात. तेथे उबदार हवा वर लोटली जाते, मेघ दाटतात आणि वादळे उठतात. या दोन प्रवाहांची झुंज फिट्झरॉय यांनी अचूक हेरली होती.

१८६१ च्या फेब्रुवारीपासून त्यांनी किनाऱ्यावरील बंदरांना तारेने धोक्याच्या सूचना देण्यास आरंभ केला. सूचना येताच बंदरातील डोलकाठीवर शंकूच्या किंवा ढोलाच्या आकाराची खूण चढविली जाई. रात्री दिवे टांगले जात. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी लंडनच्या 'टाइम्स' पत्रात त्यांचा पुढील दोन दिवसांचा हवामान-अंदाज प्रसिद्ध झाला.

परंतु वाट काट्यांची होती. अंदाज चुकला की वृत्तपत्रे थट्टा करीत; शास्त्रज्ञ म्हणत की यास शास्त्राचा आधार नाही. फिट्झरॉय यांनी आपण भविष्यवेत्ते असल्याचा दावा कधीच केला नव्हता. उपलब्ध नोंदींवरून केलेले हे अनुमान आहे, एवढेच ते सांगत. कामाचा ताण, खालावलेली प्रकृती आणि सार्वजनिक कार्यात खर्ची पडलेली संपत्ती यांनी ते खचून गेले. ३० एप्रिल १८६५ रोजी खिन्न मनःस्थितीत त्यांनी स्वतःच आपल्या जीवनाचा अंत केला. त्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी मित्रांना निधी उभारावा लागला.

त्यांच्यामागे चौकशी समिती नेमली गेली आणि १८६६ च्या अखेरपर्यंत अंदाज व सूचना दोन्ही बंद पडल्या. मात्र ज्यांच्यासाठी ही खटपट होती, ते दर्यावर्दी गप्प बसले नाहीत. त्यांच्या मागणीमुळे दुसऱ्याच वर्षी वादळाच्या सूचना पुन्हा सुरू झाल्या. विद्वानांनी नाकारलेले काम खलाशांनी उचलून धरले! पुढे १८७५ साली आपल्या देशातही हवामान खाते स्थापन झाले. २००२ साली इंग्लंडच्या हवामान खात्याने एका सागरी विभागास फिट्झरॉय यांचे नाव दिले.

आज मुरगाव बंदरावर धोक्याचा बावटा चढला की आमचे खारवी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. कधी वादळ बगल देऊन जाते आणि एक दिवसाची मासळी बुडते. पण माणूस घरी सुखरूप असतो. चुकण्याची भीती बाळगून मौन धरण्यापेक्षा, जे कळले ते प्रामाणिकपणे वेळेवर सांगणे हेच खरे लोककार्य होय, हा धडा फिट्झरॉय यांचे चरित्र आपणांस देते.