शिक्षक स्वामी रामानंद तीर्थ

आमच्या परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये १९९४ पासून नांदेडच्या ज्या विद्यापीठास जोडलेली आहेत, त्यास स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांस येथे त्यांच्यातील शिक्षकाविषयी लिहावयाचे आहे.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा. १९२० साली लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हा सोलापुरात शिकत असलेल्या ह्या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचे व्रत घेतले. व्रत घेतले खरे. पण सेवा करावयाची ती कोणती, हे उमजावयास पुढे बरीच वर्षे लागली. एम. ए. झाल्यावर कामगारपुढारी ना. म. जोशी यांजपाशी त्यांनी चिटणिसाचे काम केले. अखेर १९२९ च्या सुमारास उस्मानाबादकडील हिप्परगा ह्या खेड्यातील राष्ट्रीय शाळेचे ते मुख्याध्यापक झाले, आणि तेथे त्यांस आपले काम सापडले. तेथेच त्यांनी संन्यास घेतला. संन्याशाने अरण्याची वाट धरावी अशी रीत. हे मात्र भगवी वस्त्रे लेवून पुन्हा मुलांपुढे उभे राहिले!

१९३५ साली ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले. १९३७ साली तेव्हा आमच्याच जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, आणि लवकरच त्या चळवळीची धुरा त्यांजवर आली. १९३८ साली शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले व तुरुंगात गेले. घरदार त्यांनी पूर्वीच सोडले होते. इतक्या शोधानंतर सापडलेला वर्ग सोडणे आमच्या मते त्याहून कठीण. राज्य मुक्त झाल्यावर १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले, तेव्हा त्याच्या संस्थापकांत स्वामीजी होते.