हिणवल्या गेलेल्या नावाचा संत : मार्टिन दी पोरस

दरवर्षी ३ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा संत मार्टिन दी पोरस यांचा सण साजरा करते. हातात झाडू आणि पायाशी एकाच ताटलीत खाणारे कुत्रा, मांजर व उंदीर असे त्यांचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पण मिश्र वंशाच्या लोकांचे ते आश्रयदाते संत आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मार्टिन यांचा जन्म ९ डिसेंबर १५७९ रोजी पेरू देशातील लिमा शहरात झाला. वडील हुआन दी पोरस हे स्पॅनिश गृहस्थ. आई आना व्हेलास्केझ ही गुलामगिरीतून मुक्त झालेली, पनामाहून आलेली आफ्रिकन वंशाची स्त्री. दोघांचे लग्न झालेले नव्हते. मुलगा आईच्या रंगावर गेला. सान सेबास्तियान चर्चच्या स्नानसंस्काराच्या वहीत आईचे नाव लिहिले गेले, वडील मात्र अज्ञात म्हणून नोंदवले गेले. म्हणजे बाळाला नाव मिळाले त्याच दिवशी त्याचे अर्धे नाते पुसले गेले! पुढे वडिलांनी मार्टिन आणि धाकटी बहीण हुआना यांना आपली मुले म्हणून मान्य केले. पण वाढवण्याचा भार आईवरच पडला.

त्या काळी स्पॅनिश अमलाखालील अमेरिकेत माणसाला त्याच्या रक्तावरून नाव मिळे. गोरा बाप आणि मूळनिवासी आई असेल तर ‘मेस्तिसो’, गोरा बाप आणि काळी आई असेल तर ‘मुलातो’. हा दुसरा शब्द खेचरावरून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. घोडा आणि गाढव यांचे पिल्लू ते खेचर, आणि तेच नाव माणसाच्या लेकराला! अशा सगळ्या मिश्र गटांना मिळून ‘कास्ता’ म्हणत. हाच शब्द पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणला, आपल्या जातींना लावला आणि त्यावरूनच इंग्रजीतला ‘कास्ट’ शब्द तयार झाला. म्हणजे लिमाची ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

१२ व्या वर्षी मार्टिन एका न्हाव्याच्या हाताखाली काम शिकू लागले. त्या काळी न्हावीच जखमा बांधत, दात काढत, औषधपाणी करत. १५ व्या वर्षी त्यांनी डॉमिनिकन संघाच्या मठाचे दार ठोठावले. परंतु आफ्रिकन आणि मूळनिवासी वंशाच्या लोकांना संघाचे पूर्ण सभासद होण्यास मनाई होती. मार्टिन यांना पोटावारी राबणारा सेवक म्हणून घेण्यात आले. झाडणे, कपडे धुणे, केस कापणे ही त्यांची कामे. १६०३ साली त्यांनी तेथेच आयुष्यभरासाठी स्वतःला देवाला वाहून घेतले. पुढे मठाच्या दवाखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

मठातही त्यांच्या वंशावरून त्यांना हिणवणारे होतेच. एखादा आजारी बंधू चिडून ‘मुलातो कुत्रा’ म्हणे आणि मार्टिन त्याचेच पाय धूत. मठ कर्जात बुडाला तेव्हा, मी तर एक गरीब मुलातो, मला विकून कर्ज फेडा, असे ते वरिष्ठांना म्हणाले असे सांगतात. वरिष्ठांनी अर्थातच ते ऐकले नाही. लोक ज्या शब्दाने हिणवत, तो मार्टिन यांनी सेवेच्या कामी लावला.

पण मार्टिन यांनी मुकाट सोसले म्हणून तो शब्द चांगला ठरत नाही, की तो नियम न्याय्य ठरत नाही. त्यांची नम्रता पुण्याची होती. त्यांना दाराबाहेर ठेवणारा नियम पापाचा होता. मार्टिन यांच्या दवाखान्यात मात्र असा नियम नव्हता. स्पॅनिश सैनिक, मूळनिवासी मजूर, आफ्रिकेतून आणलेले गुलाम, सर्वांची शुश्रूषा तेच हात करत. मठात रुग्ण ठेवण्यास जागा नसे, तेव्हा बहिणीचे घर उपयोगी पडे. अनाथ मुलांना आसरा मिळावा म्हणूनही ते झटले.

३ नोव्हेंबर १६३९ रोजी त्यांनी देह ठेवला. अंत्यदर्शनाला सारे लिमा शहर लोटले. १८३७ साली त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि ६ मे १९६२ रोजी पोप २३ वे जॉन यांनी त्यांना संतपद दिले. मृत्यूनंतर ३२३ वर्षांनी! ज्याच्या वडिलांचे नाव वहीत लिहिले गेले नाही, त्याचे नाव आज जगभरच्या वेदींवरून घेतले जाते.

बंधुभगिनींनो, शब्दाचा घाव कसा असतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्या वाडवडिलांनी ‘बाटगे’ हा शब्द ऐकला आहे. तरीही वेगळ्या जातीची, वेगळ्या प्रांताची वा देशाची सून घरात आली की तिच्या लेकराला आपण काय म्हणतो? धड ना इकडचा, धड ना तिकडचा? रंगावरून पोरांना टोपणनावे कोण ठेवतो? ते मूल अर्धे इथले आणि अर्धे तिथले नसते. ते दोन्हीकडचे असते, आणि पूर्णपणे देवाचे असते. स्नानसंस्काराच्या पाण्याने त्याला जे नाव दिले, त्याच नावाने आपण त्याला हाक मारू या.

संत मार्टिन, आम्हांसाठी विनंती कर.