जुन्या फियाटचं इंजिन आजही गावातल्या गॅरेजमध्ये बांधता येतं, त्यामागे आहेत इंदापूरच्या माळावर शहर वसवणारे वालचंद हिराचंद

जुन्या गाड्या रिस्टोअर करण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. धूळ खात पडलेली एखादी प्रीमियर पद्मिनी असते. बॉनेट काढतात, चेन पुली लावतात आणि इंजिन हळूहळू वर उचलतात. मग ते एका लोखंडी स्टँडवर चढवलं जातं.

बघायला हे सोपं वाटतं, पण त्याला क्रम आहे. आधी ऑइल काढायचं. गिअरबॉक्स वेगळा करायचा. मग क्लच प्लेट आणि फ्लायव्हील उतरवायचं, कारण स्टँडचे चार हात इंजिनच्या मागच्या तोंडाला, जिथे गिअरबॉक्स बसतो तिथेच, बोल्टने आवळायचे असतात. बोल्ट योग्य आट्याचे आणि पुरेसे आत जाणारे हवेत, कारण सगळं वजन त्यांच्यावरच लटकतं. स्टँडची फिरणारी दांडी इंजिनच्या वजनाच्या मध्याजवळ आली पाहिजे, नाहीतर फिरवताना इंजिन झटक्यात उलटतं आणि हात सापडतो. एकदा नीट बसलं की इंजिन हवं तसं फिरवा, चेंबर वर करा, क्रँक काढा, बोअर तपासा. काम संपल्यावर फ्लायव्हील मात्र स्टँडवरून इंजिन उतरवल्यावरच परत लागतं.

हे सगळं करण्यात अर्थ कधी आहे? खोललेल्या इंजिनाचे पार्ट आपल्याकडे मिळत असतील, ते बनवणारे कारखाने आणि ते बसवणारे हात आपल्याकडे असतील, तेव्हाच. स्वातंत्र्याआधी मोटारीच्या बाबतीत आपल्याकडे ते नव्हतं. ते असावं म्हणून ज्या माणसाने आयुष्याची शेवटची काही वर्षं घालवली, त्याचं नाव वालचंद हिराचंद.

वालचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजरातचं, जैन, व्यापार आणि सावकारीतलं. शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये गेले, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. घरच्या पेढीवर बसावं अशी अपेक्षा होती. त्यांचं मन तिथे रमलं नाही.

तर झालं असं की, लक्ष्मणराव फाटक नावाच्या रेल्वेतल्या माजी कारकुनाशी त्यांची गाठ पडली. फाटकांना रेल्वेच्या कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडे भांडवल उभं करायची ताकद होती. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या छोट्या तुकड्याचं काम घेतलं. तिथून कंत्राटं वाढत गेली. पुढे टाटांसोबत मिळून उभ्या केलेल्या कंपनीने बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम केलं. 1926 साली सुरू झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी ही सुद्धा त्यांचीच.

मधल्या काळात, 1919 साली, त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं एक जहाज विकत घ्यायचं ठरवलं. नाव होतं लॉयल्टी. त्यातून सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी उभी राहिली. 5 एप्रिल 1919 ला हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो याचमुळे. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून या कंपनीला बुडवायचा प्रयत्न केला. कंपनी टिकली.

आता येऊ इंदापूरवर.

बारामती आणि इंदापूर तालुक्यातून नीरा डावा कालवा जातो. 1880 च्या दशकात पाणी आलं आणि या दुष्काळी पट्ट्यात ऊस दिसायला लागला. वालचंद यांनी मार्सलँड प्राइस नावाची कंपनी ताब्यात घेतली होती. या कंपनीने इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर शेती सुरू केली आणि 1930 च्या दशकात साखर कारखाना उभा केला. त्याच्याभोवती वसाहत वाढली, शाळा आल्या, दवाखाना आला. बारामतीहून भवानीनगर, जंक्शनमार्गे पुढे गेलं की लागतं ते हे वालचंदनगर.

साखर कारखाना म्हणजे यंत्रं आली, यंत्रं म्हणजे बिघाड आला. दरवेळी बाहेरून माणूस आणि पार्ट मागवून भागणार नव्हतं. त्यामुळे माळावरच वर्कशॉप हवं होतं, लेथवर काम करणारे कामगार हवे होते. दुरुस्तीतून सुरू झालेली ही वाट पुढे साखर कारखान्यांची अख्खी यंत्रसामग्री बनवण्यापर्यंत गेली. आज वालचंदनगर इंडस्ट्रीज इस्रोच्या रॉकेटसाठी मोटरची आवरणं बनवते.

मोटारीच्या बाबतीतही वालचंद यांचा विचार याच दिशेचा होता. भारतात मोटारी तेव्हाही जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सचा मुंबईतला कारखाना 1928 पासून चालू होता. पण तिथे परदेशातून खोकी यायची आणि इथे फक्त बोल्ट आवळले जायचे. इंजिन बाहेरचंच. खोकी यायची थांबली की कारखानाही थांबणार. वालचंद यांना इथे बनणारी मोटार हवी होती. सर विश्वेश्वरय्या यांनीही 1930 च्या दशकात अशा कारखान्याची योजना मांडली होती.

1939 साली ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लर तयार झाली. परतीच्या विमानप्रवासात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी झाली, जो चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. त्या ओळखीतून आणि म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. आजची एचएएल ती हीच. जून 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याचा पाया घातला गेला.

म्हणजे मोटारीसाठी गेलेल्या माणसाचा विमानाचा कारखाना आधी झाला. गंमत वाटेल, पण कारण सरळ होतं. युद्ध चालू होतं आणि सरकारला विमानं हवी होती. मोटार कारखाना युद्धासाठी गरजेचा नाही, असं म्हणून ब्रिटिश सरकारने त्याला पाठबळ दिलं नाही. आणि जी विमान कंपनी झाली, तीही 1942 साली सरकारने ताब्यात घेतली.

वालचंद यांनी मोटारीचा नाद सोडला नाही. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि 1947 मध्ये क्रायस्लरच्या सहकार्याने पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. पुढच्या वर्षी विशाखापट्टणमला जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं, तेव्हा पंतप्रधान नेहरू हजर होते. कुर्ल्याच्या सुरुवातीच्या गाड्याही बाहेरून आलेल्या भागांच्याच होत्या. इथे पार्ट बनवणं हे टप्प्याटप्प्याने व्हायचं काम होतं आणि त्याला वेळ लागणार होता.

तो वेळ त्यांच्याकडे नव्हता. तब्येत ढासळली आणि 1950 मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

त्याच वर्षी सरकारने ठरवलं की, ज्यांच्याकडे इथे गाडी बनवण्याचा कार्यक्रम आहे अशाच कंपन्यांना भारतात काम करता येईल. नुसती जोडणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. 1954 पासून कुर्ल्यात फियाट 1100 यायला लागली आणि एकेक भाग इथे बनत गेला. 1970 च्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं ते इंजिन दशकानुदशकं मुंबईच्या टॅक्सीत धावलं आणि ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

पण टॅक्सी गेली म्हणून इंजिन गेलं नाही. इतकी वर्षं इथेच बनल्यामुळे त्याचे पार्ट आजही शोधले तर मिळतात आणि त्याची नस ओळखणारे मिस्त्री छोट्या गावांतही सापडतात. बारामतीच्या एमआयडीसीत आज पियाजिओच्या रिक्षा आणि व्हेस्पा बनतात. ज्या पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी वर्कशॉप म्हणजे लोहाराचा भाता होता, तिथल्या पोरांना गाड्या बनवणं हा आता रोजचा पगार वाटतो. फियाट 1100 कारखान्यातून निघताना वालचंद यांना बघता आली नाही. स्टँडवर चढवलेलं तिचं इंजिन कुठे दिसलं, तर ते परत बांधता येतंय यात त्यांचा वाटा आहे, एवढं लक्षात असू द्या.