डोंगरापासून बंदरापर्यंत पाहणारा शास्त्रज्ञ

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी कमी उतरली की कारणांचा शोध बहुधा समुद्रातच घेतला जातो. वस्तुतः मासळीचे भवितव्य नौकांच्या संख्येइतकेच खाडीतील गाळ, शहराचे सांडपाणी, सह्याद्रीच्या उतारावरील वृक्षतोड आणि बाजारभाव यांच्याशीही निगडित असते. या साऱ्यांचा एकत्रित विचार करण्याची दृष्टी, पर्यावरणशास्त्र हा विषय विद्यापीठांत रूढ होण्याच्या कितीतरी आधी, सर पॅट्रिक गेडिस यांनी दिली.

२ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. थॉमस हक्सले यांचे शिष्य. १८७९ मध्ये मेक्सिकोत त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत कागदाच्या घड्या चाचपत त्यांनी निरनिराळ्या विद्याशाखांचे परस्परसंबंध मांडण्याची पद्धत शोधली. सूक्ष्मदर्शकाचे काम पुढे कठीण झाले. मात्र त्यांची नजर शहरांकडे वळली. डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असतानाच ते नगररचनाकार म्हणून नावारूपाला आले.

स्थळ, व्यवसाय आणि लोक ही त्यांच्या विचाराची त्रिसूत्री. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीखोऱ्याचा छेद काढून त्यांनी त्यावर खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी आणि शेवटी कोळी अशी माणसे दाखवली. माणसाला वगळून निसर्ग आणि निसर्गाला वगळून शहर समजत नाही, हा त्याचा इत्यर्थ.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगरप्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले. त्यांनी ते नव्याने उभारले. १९१७ मध्ये मुलगा युद्धात पडला आणि पाठोपाठ पत्नी ॲना कोलकात्यात निवर्तली. तरीही काम थांबले नाही. प्लेगने त्रस्त इंदुरात त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीत उंदराची प्रचंड प्रतिमा आणली, आणि ज्या भागातील घरे व रस्ते अधिक स्वच्छ, तेथूनच मिरवणूक नेण्याचे जाहीर केले. लोकांनी घरे झाडली, रंगवली. आरोग्य, नगररचना आणि लोकपरंपरा यांचा असा मेळ त्यांनी घातला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्रमुख. त्यांच्या शिफारशीने इंग्लंडला गेलेले गो. स. घुर्ये पुढे त्याच पदावर आले. घुर्ये यांचे जन्मगाव मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते.

गेडिस यांच्या अनेक योजना कागदावरच राहिल्या. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. सह्याद्रीतून उतरणारी काजळी नदी भाट्याजवळ समुद्राला मिळते. तेथून मिरकरवाडा फार दूर नाही. धरण, रस्ता, कारखाना आणि बंदर यांचा विचार आजही वेगवेगळ्या खात्यांत होतो. त्या सर्वांचा परिणाम मात्र अखेरीस कोळ्याच्या एकाच जाळ्यात येऊन पडतो. म्हणूनच गेडिस यांचा तो छेद अजून जुना झालेला नाही.