मित्र अभ्यासात, टिळक आखाड्यात. वर्ष गेलं, पण तब्येत कमावली!

शेगावला गेल्यावर सगळा ग्रुप कचोरीवर तुटून पडतो आणि आपण एकटेच डाएटचं नाव सांगून गप्प बसतो. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक नाकारला, तरी आठवडाभर टोमणे ठरलेले. फिटनेस मनावर घेणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो.

दीडशे वर्षांपूर्वी असाच एकट्याचा रस्ता एका किरकोळ अंगकाठीच्या पोरानं धरला होता. नाव बाळ गंगाधर टिळक.

२३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांची आई लहानपणीच गेली. १८७२ मध्ये वडीलही गेले. त्याच वर्षी ते मॅट्रिक झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. हुशारी भरपूर होती, पण शरीर साथ देत नव्हतं.

मग गड्यानं ठरवलं, पहिलं वर्ष तब्येतीला द्यायचं. बाकीची पोरं पुस्तकात डोकं घालून बसायची, तेव्हा टिळक कुस्ती खेळायचे, नदीत पोहायचे, होडी वल्हवायचे. व्हायचं तेच झालं. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ते नापास झाले.

पण त्यांनी व्यायाम सोडला नाही. उलट औषधाच्या बाटल्या जवळ बाळगणाऱ्या मित्रांची औषधं ते फेकून द्यायचे आणि त्यांनाच तालमीत चला म्हणायचे, असा किस्सा सांगितला जातो. (हा प्रयोग आज कुणी करू नये!) पुढे त्यांनी गणित घेऊन बीए पहिल्या वर्गात काढलं आणि १८७९ मध्ये एलएलबीही केलं.

कॉलेजातले त्यांचे जवळचे मित्र म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. ते शिकले अकोल्यात. गरिबी सोसलेली आणि दम्याचा त्रास. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस सोबत काढले. आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीच्या आतच गेले. जिद्द दोघांकडे सारखीच होती, शरीराची साथ मात्र सारखी नव्हती.

टिळकांची खरी परीक्षा झाली पन्नाशीनंतर. १९०८ मध्ये अकोल्याला शिवजयंतीची सभा झाली. शेगावचे गजानन महाराज त्या सभेला हजर होते, असं गजानन विजय पोथीत आहे. पुढच्या काही आठवड्यांतच, २४ जूनला टिळकांना अटक झाली आणि सहा वर्षांची शिक्षा लागली. वय ५२, अंगात मधुमेह आणि तुरुंग थेट ब्रह्मदेशातल्या मंडालेचा.

व्यायाम केला म्हणून त्यांना आजार झालाच नाही, असं नाही. पण मंडालेत त्यांनी पथ्य सांभाळलं, गीतारहस्य लिहिलं आणि १९१४ मध्ये परत येऊन पुन्हा राजकारणात उतरले. होमरूलसाठी गावोगाव फिरले. १ ऑगस्ट १९२० ला, वयाच्या ६४ व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं.

तरुणपणी कमावलेलं शरीर उतारवयात कामाला आलं, असं त्यांचे चरित्रकार मानतात. ते एक वर्ष मार्कशीटवर वाया गेलेलं दिसतं. आयुष्याच्या हिशेबात मात्र ते जमेच्या बाजूला पडलं.

त्यामुळे ग्रुपमधलं कुणी सोबत येईना, तरी उद्या सकाळी बूट घालून बाहेर पडाच. टिळकही सोबतीसाठी थांबले नव्हते.